‘पोस्ट काढा’ असा निरोप आला तर : किनारपट्टीवरील नागरिकांसाठी कायद्याची वाट

कोकणात समाजमाध्यमांवरील लिखाणावर जो दबाव येतो, तो सहसा सही-शिक्क्याचा आदेश होऊन येत नाही. पोलिस पाटील संध्याकाळी घरी येऊन ‘जरा सांभाळून लिहा’ असे सांगून जातात, गोपनीय शाखेचा अंमलदार फोनवर ‘साहेबांनी पोस्ट काढायला सांगितली आहे’ एवढेच बोलतो, किंवा वाडीतलाच एखादा पुढारी मुंबईत असलेल्या थोरल्या भावाला फोन लावून धाकट्याला समज द्यायला सांगतो. विषय नेहमीचेच असतात : महामार्गाचे रखडलेले काम, एलईडी मासेमारी, डोंगर पोखरणारी खाण, राजापुरातील रिफायनरी, डहाणूचे वाढवण बंदर. पोस्ट निघते आणि कोणाच्याही दप्तरी त्याची नोंद राहत नाही. ज्याची नोंद नाही त्याविरुद्ध दाद मागता येत नाही, आणि तोंडी निरोपाची सारी ताकद त्यातच आहे. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांमागचा हेतू एकच आहे, तो म्हणजे तोंडी गोष्ट कागदावर आणणे.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे फार सहज वापरली जाते आणि सरकारी नियंत्रणाचे निम्मे काम ती फुकटात करून देते. येथे सांगितलेल्या बहुतेक पायऱ्यांसाठी कोर्टात जावे लागत नाही.

पोस्ट खरोखर बेकायदेशीर आहे का, हे आधी पाहा

राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(1)(अ) ने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची कारणे अनुच्छेद 19(2) मध्ये मोजकी नमूद केली आहेत : देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्यास चिथावणी. शासनाच्या धोरणावरील टीका, अधिकाऱ्याला प्रश्न विचारणे किंवा प्रकल्पाला विरोध करणे या यादीत कोठेही नाही.

‘आक्षेपार्ह पोस्ट’ हा शब्द मात्र अजूनही पोलिसांच्या तोंडी बसलेला आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरमधील दोन तरुणींना मुंबई बंदबाबतच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील, ‘आक्षेपार्ह’ संदेशाला शिक्षा ठरवणाऱ्या कलम 66 अ ला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. रद्द झालेल्या या कलमाखाली गुन्हे दाखल होणे पुढेही थांबले नाही, म्हणून ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयाला सर्व राज्यांना पुन्हा बजावावे लागले. त्यामुळे कोणत्याही नोटिशीत 66 अ दिसले, तर ती नोटीस त्या मुद्द्यावर निरर्थक आहे असे लेखी उत्तर देता येते.

सध्या अशा प्रकरणांत प्रामुख्याने भारतीय न्याय संहितेची (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याची) कलमे लावली जातात : गटांमध्ये शत्रुत्व वाढवणे (कलम 196), धार्मिक भावना दुखावणे (299), अफवा व खोटी माहिती (353) आणि सर्वांत गंभीर असे देशाच्या सार्वभौमत्वाला धोका पोहोचवण्याचे कलम 152. शेवटचे कलम जुन्या राजद्रोहाचे नवे रूप आहे, अशी टीका कायद्याच्या अनेक अभ्यासकांनी केली आहे. जुन्या दंड संहितेतील राजद्रोहाच्या ज्या कलम 124 अ खाली रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना 1908 मध्ये मंडालेला पाठवले गेले, त्याचा वापर सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2022 रोजी स्थगित केला होता. 1 जुलै 2024 पासून जुनी दंड संहिताच गेली, पण 152 आले.

बदनामीचे कलम (356) वेगळ्या जातीचे आहे. तो अदखलपात्र गुन्हा असल्यामुळे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. सरपंच, आमदार किंवा ठेकेदार यांची केवळ ‘बदनामी झाली’ एवढ्या कारणावरून ठाण्यातून बोलावणे आले असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश दाखवा, अशी नम्र विनंती करणे पुरेसे असते.

शब्द कोणाच्या कानांनी मोजायचे, याचे उत्तरही न्यायालयाने दिले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकाने अनुच्छेद 370 हटवण्याला ‘काळा दिवस’ म्हणणारे व्हॉट्सॲप स्टेटस ठेवले आणि पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनी तेथील लोकांना शुभेच्छा दिल्या. त्याच्यावरील गुन्हा मार्च 2024 मध्ये रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शब्दांचा परिणाम समंजस आणि खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेतून पाहायचा असतो. प्रत्येक टीकेत धोका दिसणाऱ्या दुबळ्या मनाच्या माणसाच्या नजरेतून नव्हे.

अर्थात हिंसेची धमकी, एखाद्या समाजाविरुद्ध चिथावणी किंवा जाणूनबुजून पसरवलेली खोटी बातमी यांना हे संरक्षण मिळत नाही, आणि मिळूही नये.

पोस्ट करण्यापूर्वीची तयारी

मूळ फोटो किंवा व्हिडिओ फोनमधून काढून टाकू नये. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो आणि त्यातील वेळ-ठिकाणाची माहिती गळून जाते. म्हणून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी, किंवा पाठवायचीच असल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. मजकुरात घडलेली गोष्ट आणि स्वतःचे मत वेगवेगळ्या वाक्यांत लिहावे. ‘पुलाच्या कठड्याची सळई उघडी पडली आहे’ ही वस्तुस्थिती आहे, ‘निकृष्ट काम झाले आहे असे आम्हाला वाटते’ हे मत आहे, आणि ‘अमुक अभियंत्याने पैसे खाल्ले’ हा पुराव्याशिवाय न करण्याचा आरोप आहे.

गावाच्या ग्रुपचे ॲडमिन असणाऱ्यांनी फार घाबरून जाऊ नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये स्पष्ट केले की, सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. त्यासाठी दोघांचा समान हेतू दिसावा लागतो. गणपतीच्या आधी चाकरमान्यांच्या आणि ग्रामस्थांच्या ग्रुपवर वाद पेटतात तेव्हा मुंबईत बसलेल्या सदस्याच्या पोस्टसाठी गावातल्या ॲडमिनला बोलावले जाते, म्हणून या निकालाची प्रत जवळ ठेवावी.

शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी आणि जिल्हा परिषदेचे कर्मचारी यांची स्थिती निराळी आहे. 28 जुलै 2025 च्या शासन निर्णयाने राज्य शासनाच्या तसेच स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांवर राज्य किंवा केंद्र सरकारच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करण्यास मनाई केली असून भंग केल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. माझ्या मते गावातील शिकल्या-सवरल्या मंडळींचा मोठा भाग या एका कागदाने गप्प झाला आहे. तरीही नोकरीत असणाऱ्याने तो वाचल्याशिवाय काही लिहू नये, हेच व्यवहार्य आहे.

फोन किंवा निरोप आल्यावर

फोनवर वाद घालू नये, माफी मागू नये आणि पोस्ट काढण्याचे आश्वासनही देऊ नये. बोलणाऱ्याचे नाव, हुद्दा, ठाणे, तारीख आणि वेळ वहीत लिहून घ्यावी आणि एवढेच म्हणावे : ‘आपण सांगता त्याची लेखी नोटीस द्यावी, मी कायद्याप्रमाणे सहकार्य करीन.’ त्याच दिवशी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे छोटा अर्ज लिहावा. त्यात अमुक वेळी अमुक क्रमांकावरून फोन आला, पोस्ट काढण्यास सांगण्यात आले, आणि कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली ही सूचना आहे ते लेखी कळवावे, एवढा मजकूर पुरतो. अर्ज ठाण्यात नेऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच देण्यास टाळाटाळ झाली तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने ठाण्याला आणि जिल्हा पोलिस अधीक्षकांना पाठवावा. अनेक प्रकरणे येथेच थंडावतात, कारण लेखी उत्तर देण्यासाठी कलम शोधावे लागते आणि ते सापडत नाही.

पोस्ट काढायची की ठेवायची, हा निर्णय शेवटी ज्याचा त्याचा आहे. काढण्याआधी मात्र तारीख, वेळ, दुवा आणि खालच्या प्रतिक्रियांसह संपूर्ण स्क्रीनशॉट घ्यावा, नाहीतर पुढे मूळ मजकूर काय होता हे तक्रारदाराच्या प्रतीवरूनच ठरते. पोस्ट काढली म्हणजे प्रकरण मिटले, असेही समजू नये. मे 2025 मध्ये पुण्यातील अभियांत्रिकीच्या 19 वर्षांच्या विद्यार्थिनीने भारत-पाकिस्तान संघर्षाबाबतची पोस्ट काही तासांत काढून माफी मागितली, तरी तिला अटक झाली आणि महाविद्यालयातूनही काढले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने शासन व महाविद्यालय या दोघांच्या वर्तनावर कडक ताशेरे ओढून तिची सुटका केली.

नोटीस हातात आल्यावर

नोटीस शांतपणे वाचावी, कारण तिच्यातील कलमावरून आपले स्थान ठरते. वर डाव्या बाजूला जावक क्रमांक आणि तारीख, मधोमध ठाण्याचे नाव, खाली अधिकाऱ्याची सही, हुद्दा आणि गोल शिक्का असतो. यांतले काही नसेल तर ती उणीव उत्तरात नोंदवावी. नंतर कलम पाहावे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचे) कलम 168, ज्याला जुन्या सवयीने अजून ‘149 ची नोटीस’ म्हणतात, ही गुन्हा घडू नये म्हणून दिलेली समज असते. तुम्ही गुन्हा केला असा तिचा अर्थ नाही. आंदोलनाच्या आधी अशा नोटिसा गठ्ठ्याने निघतात. 2023 च्या एप्रिलमध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाले तेव्हा जमावबंदी, नोटिसा आणि धरपकड या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ आल्या. या नोटिशीला ‘माझा कोणताही बेकायदेशीर हेतू नाही, शांततेने मत मांडण्याचा माझा हक्क मी राखून ठेवतो’ असे दोन ओळींचे उत्तर द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

याच संहितेच्या कलम 179 ची नोटीस साक्षीदारासाठी असते. स्त्रिया, 60 वर्षांवरील व 15 वर्षांखालील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना या नोटिशीवरून ठाण्यात जाण्याची सक्ती नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी येऊन विचारपूस करायची असते. गावाकडे हे फारच थोड्यांना ठाऊक असल्यामुळे म्हाताऱ्या माणसांना तालुक्याच्या ठाण्याबाहेर तासन् तास बसवून ठेवले जाते.

कलम 35(3) ची नोटीस आली म्हणजे तुम्ही संशयित आहात. येथे हयगय चालत नाही. ठरल्या दिवशी हजर राहणाऱ्याला अटक करायची असेल तर पोलिसांना त्याची कारणे लिहून ठेवावी लागतात. जो हजर राहत नाही, तो अटकेचे निमित्त स्वतःच पुरवतो. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणे म्हणजे कायदेशीर बजावणी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही व्हॉट्सॲपवर आलेल्या नोटिशीकडे दुर्लक्ष न करता ‘रीतसर प्रत मिळाल्यावर हजर राहीन’ असे लेखी कळवणे शहाणपणाचे.

आणखी एक ताजा आधार उपयोगी आहे. 28 मार्च 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, लिहिण्या-बोलण्यावरून होणाऱ्या आणि तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्यापूर्वी याच संहितेच्या कलम 173(3) खाली प्राथमिक चौकशी करणे उचित आहे. ही चौकशी उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांत करायची असते. ती झाली का, हे वकिलामार्फत पहिल्याच भेटीत विचारावे. गुन्हा नोंद झाला आहे की नाही, हे महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित प्रथम खबरींमध्ये (एफआयआर) पाहता येते. संवेदनशील ठरवलेले गुन्हे तेथे दिसत नाहीत.

ठाण्यात

एकट्याने जाऊ नये. जाताना घरच्यांना वेळ सांगावी. तपासातील प्रश्नांना खरी उत्तरे देण्याचे बंधन आहे, परंतु ज्या उत्तराने स्वतःवरच गुन्हा ओढवेल ते देण्याची सक्ती अनुच्छेद 20(3) मुळे करता येत नाही. तपासात घेतलेल्या जबाबावर सही घेऊ नये, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 181 सांगते. सही मागितली तर या कलमाचा उल्लेख करावा. कोऱ्या कागदावर सही करण्याचा प्रश्नच येत नाही. ‘यापुढे असे लिहिणार नाही’ अशा हमीपत्रावर सही घेण्याची पद्धतही सर्रास आढळते. असा कागद पुढे ठेवला गेला तर ‘वकिलांना दाखवून कळवतो’ असे म्हणून त्याची प्रत मागावी.

फोन मागितला गेला, तर तो कशाखाली मागत आहात, हे विचारावे. याच संहितेच्या कलम 94 खाली मागणी असेल तर लेखी आदेश हवा. झडती आणि जप्ती होत असेल तर कलम 105 प्रमाणे तिचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. पंचनाम्यात फोनचा मेक, रंग, आयएमईआय क्रमांक, सिमचे क्रमांक, मेमरी कार्ड आणि काचेला तडा असल्यास तोही लिहून घ्यायला सांगावे. त्यातील माहितीची प्रत काढली असेल तर तिची हॅश व्हॅल्यू नोंदवण्याचा आग्रह धरावा. फाइलवरून गणिताने काढलेली ही अक्षर-अंकांची ओळख असते. आत एक अक्षर जरी बदलले तरी ती बदलते, त्यामुळे जप्तीनंतर कोणी काही घातले किंवा काढले का, ते नंतर तपासता येते. पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येते का, याबाबत न्यायालयांचे एकमत नाही. तो वकिलाशी बोलल्याशिवाय देऊ नये. तपासाचे काम झाल्यावर फोन परत मिळावा म्हणून दंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करता येतो आणि मच्छीमार, रिक्षाचालक किंवा होमस्टे चालवणाऱ्यांनी त्यात आपला रोजगार फोनवर चालतो, हे आवर्जून लिहावे.

अटक झालीच तर 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे. अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत, आणि उशिरात उशिरा दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या दोन तास आधी तरी ती हाती पडली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात नोव्हेंबर 2025 मध्ये ठरवून दिले. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा 15100 या क्रमांकावर मागणी करावी. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.

पोस्ट आपोआप दिसेनाशी झाली तर

कधी कोणाचा फोन येत नाही, पण पोस्ट किंवा संपूर्ण खाते भारतात दिसेनासे होते. यामागे तीन वेगळ्या वाटा असू शकतात आणि प्रत्येकीवरचा उपाय निराळा आहे. कंपनीने स्वतःच्या नियमांनुसार मजकूर काढला असेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करावी, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर 30 दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करावे. ही समिती सरकारनेच नेमलेली असल्याने सरकारविरुद्धच्या मजकुराबाबत तिच्याकडून फार अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही, तरी कागद तयार होतो.

दुसरी वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या, केंद्र सरकारला मजकूर रोखण्याचा अधिकार देणाऱ्या कलम 69 अ ची. 2009 च्या नियमांनुसार तातडीचा प्रसंग सोडल्यास मजकूर टाकणाऱ्याला, तो सापडत असेल तर, म्हणणे मांडण्याची संधी द्यायची असते; 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, ते या संरक्षणांच्या भरवशावरच. प्रत्यक्षात नियम 16 मधील गुप्ततेचे बोट दाखवून आदेशाची प्रत नाकारली जाते. तिसरी वाट याच कायद्याच्या कलम 79(3)(ब) ची (सरकारी सूचनेनंतरही मजकूर न हटवणाऱ्या कंपनीचे कायदेशीर संरक्षण त्याखाली जाते), जिच्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने ‘सहयोग’ हे पोर्टल उभारले. त्यावरून यंत्रणा थेट कंपन्यांना मजकूर हटवण्याच्या सूचना पाठवतात आणि कंपनीला काही तासांचीच मुदत असते. ‘एक्स’ने (पूर्वीचे ट्विटर) या पोर्टलला दिलेले आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळले. त्यानंतर दुरुस्त झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशी सूचना सहसचिव किंवा पोलिस उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकृत अधिकाऱ्यानेच कारणांसह द्यावी, असे बंधन घातले. याचा उपयोग असा, की तालुक्याच्या ठाण्यातून थेट कंपनीला गेलेले पत्र या नियमात बसत नाही.

कंपनीकडून ई-मेल आला असेल तर तो जपून ठेवावा. त्यात बहुधा कोणाच्या मागणीवरून आणि कोणत्या कायद्याखाली कारवाई झाली, याचा इशारा असतो. मग माहिती अधिकाराचा अर्ज करावा. राज्य पोलिसांकडे मागायची असल्यास महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज 150 शब्दांत, एकाच विषयावर आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करायचा असतो. ‘माझी पोस्ट का काढली’ असे विचारू नये, कारण ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. अमुक दुव्याबाबत अमुक तारखांदरम्यान पाठवलेल्या पत्रांच्या प्रती मागाव्यात. नकार आला तर प्रथम अपील, आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे द्वितीय अपील.

इंटरनेटच बंद झाले तर

आधी नेटवर्क बंद केले आहे की पडले आहे, याची खात्री करावी. निसर्ग वादळानंतर 2020 मध्ये श्रीवर्धन-मंडणगडकडे अनेक दिवस फोन लागत नव्हते आणि त्यामागे कोणाचाही आदेश नव्हता. जाणूनबुजून बंदी घालायची असेल तर 2024 च्या दूरसंचार नियमांनुसार राज्याच्या गृह सचिवांचा कारणांसह आदेश लागतो, तो प्रसिद्ध करावा लागतो आणि तो एका वेळी 15 दिवसांहून अधिक चालत नाही. जून 2023 मध्ये घाटापलीकडे कोल्हापुरात स्टेटसवरून तणाव झाला तेव्हा इंटरनेट बंद करण्यात आले होते. अशा वेळी आदेशाची प्रत मागणे, हेच पहिले काम.

उच्च न्यायालयापर्यंत जायचे झाल्यास

ऑगस्ट 2025 पासून कोकणातील दोन जिल्ह्यांसाठी ही वाट जवळ आली आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) 18 ऑगस्टपासून सुरू झाले असून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहेत. रायगड, ठाणे आणि पालघर यांची प्रकरणे मुंबईतच चालतात. या न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने दिलेला अलीकडचा महत्त्वाचा निकाल म्हणजे सप्टेंबर 2024 चा. सरकारविषयीची माहिती ‘खोटी’ ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच सत्यशोधन कक्षाला देणारा नियम त्यात घटनाबाह्य ठरला.

विधिमंडळाने जुलै 2025 मध्ये मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकात ‘बेकायदेशीर कृत्य’ या व्याख्येत बोललेले, लिहिलेले आणि खुणांनी दर्शवलेलेही येते, हे लक्षात घेता अशा आव्हानांची गरज पुढे वाढेल असे मला वाटते.

वकिलाकडे जाताना सोबत तारीखवार टिपण न्यावे : पोस्ट केव्हा केली, फोन केव्हा आला, अर्ज केव्हा दिला, पोच कोणत्या तारखेची आहे. स्क्रीनशॉटच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) चे प्रमाणपत्र लागते. त्याचा भाग ‘अ’ स्वतः भरायचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने, व दोन्हींत हॅश व्हॅल्यू लिहायची असते. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, त्यामुळे मराठी पोस्ट, नोटीस आणि अर्जांचे भाषांतर जोडावे लागते. ते स्वतः वाचून तपासावे, विशेषतः उपरोधाने लिहिलेली वाक्ये. मालवणीतला टोमणा इंग्रजीत सरळ अर्थाने उतरला तर तो धमकीसारखा वाचला जाऊ शकतो.